शमीच्या प्रदेशात

टी. टी. नगरात राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हा पत्ता आयुष्यात हजारदा तरी लिहिला असेल. पण त्या दोन आद्याक्षरांमागे उभा असलेला पुरुष पत्ता लिहिताना क्वचितच डोळ्यांपुढे येतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ राजधानी झाली, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांबरोबर आपले वडीलधारे बाडबिस्तरा घेऊन इकडे आले. ज्या वसाहतींत त्यांना सरकारी घरे मिळाली, त्यांतील एकीला तात्या टोपे यांचे नाव होते. येवल्यात जन्मलेल्या, ब्रह्मावर्तास वाढलेल्या आणि शिवपुरीस फासावर गेलेल्या या माणसाने भोपाळात घर केले नाही. तो या मुलखातून फक्त गेला. तोही शत्रू पाठीवर असताना. आपण मात्र त्याच्या नावाच्या आश्रयाने तीन पिढ्या स्थिर झालो.

गेल्या कार्तिकात मुलाने आठ दिवसांची रजा काढली आणि मोटारीने मारवाडच्या वाळवंटात जाऊन येण्याचा बेत ठरला. त्याच्या मनात वाळूच्या टेकड्या आणि जैसलमेरचा किल्ला होता. माझ्या मनात मात्र फार दिवसांपासून एक गाव होते, नागोर. राजस्थानला जाणारे आपले लोक जयपूर, उदेपूर, जोधपूर पाहून परततात. नागोरला कोणी थांबत नाही. या गावाजवळ, ताऊसरच्या तळ्यापाशी, १७५५ च्या जुलै महिन्यात जयाप्पा शिंदे मारले गेले. शिंदेशाहीच्या अन्नावर ज्या घराण्यांच्या चारसहा पिढ्या ग्वाल्हेर-उज्जैनीस वाढल्या, त्यांच्या दृष्टीने ही काही परक्याची गोष्ट नव्हे. म्हणून मुलाशी तडजोड केली : जाताना माझा रस्ता, पुढे त्याचा.

माझ्या रस्त्याचा पहिला मुक्काम घरापासून जवळच होता. भोपाळ-उज्जैन लोहमार्गावर शुजालपूर लागते. तेथे जयाप्पांचे वडील राणोजी शिंदे १७४५ मध्ये निवर्तले आणि तेथेच त्यांची छत्री आहे. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावांनी निजामाला भोपाळात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याच्या तहाने माळव्यावरचा हक्क त्याच्याकडून मान्य करून घेतला. त्या मोहिमेत राणोजी होते. म्हणजे पित्याची छत्री आपल्या अंगणात आणि थोरल्या पुत्राची येथून सुमारे सातशे किलोमीटरवर, वाळूच्या तोंडाशी. मराठी सत्ता एका पिढीत किती लांब ताणली गेली, हे सांगायला या दोन छत्र्यांमधले अंतर पुरेसे आहे.

शुजालपूरहून पचोरमार्गे ब्यावरा गाठले की कोट्याचा महामार्ग मिळतो. ही वाट नुसती रस्त्याची नव्हे. ब्यावऱ्याच्या आसपास १५ सप्टेंबर १८५८ रोजी जनरल मिशेलने तात्यांना गाठून त्यांच्या तोफा हिरावल्या. त्या तोफा त्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी पुढच्या झालरापाटणला मिळविल्या होत्या. झालावाड ओलांडल्यावर मुकुंदऱ्याचा घाट येतो. १८०४ च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांपुढून माघार घेणारा कर्नल मॉन्सन याच खिंडीतून, चिखलात तोफा टाकून, आग्र्याच्या दिशेने धावत सुटला होता. आणि कोट्यास पोहोचावे तर तेथे शिंद्यांचे वकील व कमाविसदार म्हणून स्थायिक झालेले गुळगुळे सरदार. त्यांच्या घरी जपलेले मोडी कागद ‘गुळगुळे दफ्तर’ या नावाने इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहेत. आपल्यासारखी घराणी कोठेकोठे जाऊन रुजली, याचा हा एक दाखला. घर परमुलखात, हिशेब आणि पत्रव्यवहार मात्र मोडीत.

अजमेरला अरवली आडवी येते आणि तेथून पुढे निसर्गाचा कायदा बदलतो. भोपाळात वर्षाकाठी सुमारे अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. जैसलमेरला त्याचा पाचवा हिस्साही पडत नाही. अजमेरजवळच्या डोंगरांत लूणी नदी उगम पावते. नावाप्रमाणेच ती पुढे पुढे खारट होत जाते, बालोतऱ्यानंतर तिचे पाणी पिण्याजोगे राहत नाही आणि कच्छच्या रणात ती जिरून जाते. समुद्र न गाठणारी ही नदी मारवाडची जीवनरेखा. ज्यांनी नर्मदा, बेतवा, चंबळ पाहिल्या त्यांना हे समजून घ्यायला थोडा वेळ लागतो. अठराव्या शतकातल्या दक्षिणी स्वारांनाही लागला असला पाहिजे.

पुष्करचे सरोवर अरवलीच्या कुशीत आहे आणि त्याच्या काठाला वाळू येऊन टेकली आहे. येथे मराठी माणसाला उपरे वाटत नाही. कर्नल टॉडने काठावरच्या ठळक वास्तूंत आमेरच्या मानसिंहाच्या बरोबरीने अहिल्याबाई होळकरांच्या वास्तूची नोंद केली आहे, आणि तेथील स्मारकांत जयाप्पांच्या छत्रीचाही उल्लेख केला आहे. ब्रह्मदेवाच्या प्रसिद्ध मंदिराचा आजचा आकार दौलतराव शिंद्यांचे मंत्री गोकुळचंद पारिख यांनी १८०९ मध्ये केलेल्या बांधकामातून आला. ज्यांनी या प्रांतातून खंडणी नेली त्यांनीच येथे घाट आणि देवळे बांधली. या दोन्ही गोष्टी एकाच वहीत मांडायला हव्यात. आपण सोयीने एकच पान वाचतो, आणि तेथील लोक सोयीने दुसरे.

आता नागोरच्या प्रकरणाची पार्श्वभूमी. जोधपूरचे महाराज अभयसिंह १७४९ मध्ये वारले. गुजरातच्या सुभेदारीवर असताना १७३२ मध्ये डाकोर येथे पिलाजीराव गायकवाडांचा बोलणी चालू असताना घात करविला, ते हेच. त्यांचा मुलगा रामसिंह गादीवर आला. पण नागोरचे चुलते बखतसिंह यांनी १७५१ मध्ये जोधपूर घेतले. पुढच्याच वर्षी बखतसिंहही वारले आणि त्यांचा पुत्र विजयसिंह, मराठी पत्रांतला ‘बिजेसिंग’, गादीवर बसला. पदच्युत रामसिंहाने मराठ्यांचा आसरा घेतला. १७५४ चा उन्हाळा सरता सरता जयाप्पा मारवाडात उतरले.

ते उतरले तेव्हा उत्तरेतले वातावरण आधीच नासले होते. १७५० च्या डिसेंबरात मराठ्यांची खंडणी भागविता न आल्याने जयपूरच्या ईश्वरीसिंहाने आत्महत्या केली. पुढच्याच महिन्यात जयपूर शहरात बेसावध असलेल्या मराठ्यांची सरसकट कत्तल झाली. १७५४ च्या मार्चमध्ये कुंभेरीच्या वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव होळकर तोफेचा गोळा लागून पडले, आणि त्या वेढ्याच्या तडजोडीवरून शिंदे-होळकरांत वितुष्ट आले. दुसऱ्याच्या घरातील भाऊबंदकीत हात घालणाऱ्या सरदारांची आपसात एकी नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

पुष्करहून मेडत्याकडे निघालो. मेडता म्हणजे मीराबाईंचे माहेरघर. चारभुजेच्या देवळात दर्शन घेऊन बाहेर पडलो. याच मेडत्याच्या परिसरात, गंगारडा येथे, सप्टेंबर १७५४ मध्ये जयाप्पांनी विजयसिंहाचा पराभव केला. त्याच्या मदतीला बिकानेर आणि किशनगडचे राजे होते. तिघा राजांनी धनदौलत टाकून पळ काढला, असे सांगणारा एक मारवाडी दोहा लोकांच्या तोंडी होता. पराभूतांच्या भाषेत जेत्याचे नाव राहते, त्यात धाक अधिक असतो, आदर कमी. विजयसिंह पळून नागोरच्या किल्ल्यात गेला आणि जयाप्पा त्याच्या मागोमाग नागोरपुढे येऊन बसले.

खरी चूक येथे झाली असावी, असे रस्त्यावरून जाताना मला वाटले. मेडता ते नागोर हा प्रदेश सपाट आणि रुक्ष आहे. मराठी फौजेचे बळ घोड्याच्या पायांत होते. अंगावर ओझे न घेता यावे, लुटावे, निघून जावे, हे तिचे तंत्र. घोड्याला दररोज ढीगभर वैरण आणि बादल्याच्या बादल्या पाणी लागते. फौज चालती असली तर दर मुक्कामाला नवे गवत, नवा ओढा मिळतो. एकाच ठिकाणी महिनोन्‌महिने बसली तर आसपासची वैरण संपते, विहिरी आटतात, धान्याचे भाव चढतात. म्हणून छावणी किल्ल्याला खेटून न पडता ताऊसरच्या तळ्याजवळ पडली. पाणी जेथे, तेथे फौज. किल्ल्यातल्या लोकांनी मात्र आयुष्यभर पाण्याचा थेंबन् थेंब जपलेला. नागोरच्या अहिछत्रगडात पाणी साठविण्याची आणि खेळविण्याची जी व्यवस्था आजही पाहायला मिळते, ती पाहिल्यावर वेढा कोणी कोणाला घातला होता, असा प्रश्न पडतो.

पुण्याहून नानासाहेब पेशवे लिहीत होते की, मारवाडचे प्रकरण फार ताणू नये, बिजेसिंगाशी तडजोड करून मोकळे व्हावे आणि प्रयाग-काशीच्या मोठ्या कामास लागावे. जयाप्पा मानी पुरुष. हातची शिकार सोडून उठणे त्यांच्या स्वभावात नव्हते. वेढ्याला नऊ-दहा महिने झाले. बोलणी करण्यासाठी राजपुतांची ये-जा छावणीत चालू होती. जुलै १७५५ च्या अखेरच्या आठवड्यात विजयसिंहाच्या बाजूच्या मारेकऱ्यांनी छावणीत शिरून जयाप्पांवर घाव घातले. तपशिलात हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. कोणी त्यांना भिकारी म्हणते, कोणी दुकानदार. घात छावणीतच झाला, याविषयी मात्र दुमत नाही. संतापलेल्या फौजेने मग छावणीतल्या राजपुतांवर हत्यार धरले. त्यांत वाटाघाटीसाठी आलेली निरपराध माणसेही मेली.

धाकटे बंधू दत्ताजी यांनी वेढा उठविला नाही. पेशव्यांची कुमक आली आणि १७५६ च्या आरंभी विजयसिंहाला तह करावा लागला. अजमेर मराठ्यांना मिळाले. मारवाडात त्या दानाला ‘मूंडकटी’ म्हणत, म्हणजे कापलेल्या मस्तकाची भरपाई. त्या एका शब्दाने मला नागोरात बराच वेळ अस्वस्थ केले. आपल्या इतिहासात ‘अजमेर सर झाले’ असे वाक्य सहज येऊन जाते. समोरच्या पक्षाने ते एका खुनाच्या दंडापोटी दिले होते, आणि ज्याचा खून झाला तो राणोजींचा थोरला मुलगा होता, हे त्या वाक्यात मावत नाही.

ताऊसरला गेलो तेव्हा उन्हे कलली होती. छत्रीपाशी आम्ही तिघेच. सौभाग्यवतीने वाटेत घेतलेली झेंडूची फुले पायरीवर ठेवली. शेजारून शेळ्या घेऊन जाणारे एक वृद्ध गृहस्थ थांबले. कोठले, म्हणून त्यांनी विचारले. भोपाळचे, पण मूळचे मराठी, असे मी सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले की, लहानपणी मूल रडू लागले की घरात दक्षिण्यांची भीती घालीत. बोलण्यात रोष नव्हता. एखाद्याने गावातल्या जुन्या दुष्काळाची आठवण काढावी, तसा स्वर होता. मग त्यांनीच आम्हाला पाणी हवे का, असे विचारले. नागोरला नऊ-दहा महिने ज्या एका गोष्टीसाठी तळ्याचा काठ धरून बसावे लागले होते, ती गोष्ट त्यांनी न मागता पुढे केली. ते पाणी आम्ही तिघांनी प्यायलो.

त्या वृद्धांनी ज्या झाडाखाली शेळ्या थांबविल्या होत्या, ते खेजडीचे होते. फांद्या छाटून टाकलेल्या, खोड गाठाळ. मारवाडात हिवाळ्यात खेजडी छाटून पाला वैरणीसाठी वाळवितात. तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी करतात. हे झाड शेतात मुद्दाम राखले जाते, कारण त्याची मुळे फार खोल जातात आणि खाली बाजरी चांगली येते. पाला हातात घेतल्यावर सौभाग्यवतीने ओळखले आणि म्हणाली, ‘अहो, ही तर शमी !’

खरोखरच ती शमी होती. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, पांडवांनी अज्ञातवासात जिच्या ढोलीत शस्त्रे ठेवली, ती. टी. टी. नगरात दर दसऱ्याला शमीच्या चार डहाळ्या मिळविण्यासाठी आपली केवढी धावपळ होते ! आणि येथे मैलोन्‌मैल तिचेच राज्य. मराठी फौजा शमीपूजन करून सीमोल्लंघनाला निघत. शुभशकुन म्हणून जिचे एक पान पागोट्यात खोवून निघायचे, तिच्याच प्रदेशात हे लोक येऊन पोहोचले होते; पण त्यांच्यासाठी ती शस्त्रांचे झाड होती, आणि येथल्या माणसांसाठी अन्नाचे. नागोर जिल्ह्यातल्याच पीपासरला १४५१ मध्ये जांभोजी जन्मले. त्यांच्या बिश्नोई पंथाच्या ३६३ स्त्री-पुरुषांनी १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडली येथे या झाडांना मिठ्या मारून प्राण दिले. अमृतादेवी त्यांत पहिल्या. झाडे तोडायला माणसे आली होती ती महाराज अभयसिंहांच्या बांधकामाला चुना भाजण्यासाठी लाकूड हवे म्हणून. ज्यांच्या मृत्यूनंतर मारवाडच्या गादीचा कलह पेटला, ते हेच अभयसिंह. दरबारांच्या इतिहासात त्या ३६३ जणांना जागा नाही. पण मारवाडातला माणूस आज अभयसिंहापेक्षा अमृतादेवींचे नाव अधिक आपुलकीने घेतो.

पुढचे दोन दिवस मुलाचे. फलोदीजवळ खीचन येथे पहाटे हजारो कुरजां उतरताना पाहिल्या. करकोच्याच्या जातीचे हे राखी पक्षी मध्य आशियातून, मंगोलियाकडून दर हिवाळ्यात येतात आणि गावकरी त्यांच्यासाठी दाणे टाकतात. जून २०२५ मध्ये खीचनची पाणथळ जागा रामसर यादीत समाविष्ट झाली. याच फलोदीत १९ मे २०१६ रोजी तपमान ५१ अंशांवर गेले होते. जयाप्पांच्या छावणीने मे महिना कसा काढला असेल, याची त्यावरून कल्पना येते. जैसलमेरच्या अलीकडे आकल येथे उघड्या माळावर अश्मीभूत झालेले वृक्षांचे बुंधे पडलेले आहेत, सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचे. जेथे आज वाळू आहे तेथे कधी काळी घनदाट अरण्य होते. त्या दगडी लाकडावर हात ठेवला असता आपली अडीचशे वर्षे फार लहान वाटतात. तरी ताऊसरचे ओझे त्यामुळे हलके झाले नाही.

कारण हिशेब नागोरपाशी संपत नाही. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी पडले. १७६१ च्या पानिपतात जयाप्पांचा तरुण मुलगा जनकोजी पकडला जाऊन मारला गेला. त्या युद्धात राजपूत राजे मराठ्यांच्या बाजूने उभे राहिले नाहीत. जयपूरची कत्तल, नागोरचा खून, मारवाडवर लादलेला दंड या गोष्टी ताज्या असताना ते उभे राहतील, अशी अपेक्षा तरी कशी धरावी ? तीस वर्षांनी, १० सप्टेंबर १७९० रोजी, मेडत्यावर महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींपुढे राठोडांचे घोडदळ केशरी करून तुटून पडले आणि जवळजवळ सारे कापले गेले. जोधपूरच्या गादीवर तेव्हाही तोच विजयसिंह होता. अजमेर पुन्हा मराठ्यांकडे आले. आणि १८१८ मध्ये दौलतरावांनी ते इंग्रजांच्या स्वाधीन केले. दोन शूर समाजांनी एका शहरासाठी साठ वर्षे एकमेकांचे रक्त सांडले. अखेर ते तिसऱ्याच्या पदरात पडले.

परतताना बिकानेर, सीकर, जयपूर अशी वाट धरली. सीकरला मी मुलाला गाडी कडेला घ्यायला सांगितली. २१ जानेवारी १८५९ रोजी कर्नल होम्सने येथे तात्या टोप्यांच्या उरल्यासुरल्या सैन्यावर रात्री छापा घातला. सात महिने नर्मदेपासून चंबळेपर्यंत चकवा देणारी ती फौज येथे विखुरली. काही जणांनी पुढे बिकानेरच्या राजापुढे शस्त्रे ठेवली. तात्या मोजक्या सोबत्यांनिशी पारोणच्या जंगलात गेले, ७ एप्रिलला दगाफटक्याने पकडले गेले आणि १८ एप्रिलला शिवपुरीस फासावर चढले. जयाप्पा या भूमीत खंडणी मागत आले होते. शतकानंतर तात्या आसरा मागत आले. दोघेही तिच्या कडेवरच अडले.

दोघांपैकी कोणाचे वारस म्हणून आपण राजस्थानात उभे राहायचे, हा प्रश्न घेऊन मी परतलो. माझ्यापुरते उत्तर असे की, दोघांचेही; आणि वारसा घ्यायचा तर कर्जासह घ्यावा लागतो. छत्रीवर फूल वाहताना, ज्यांच्या विहिरी आपल्या घोड्यांनी आटविल्या त्या गावांचीही आठवण ठेवावी, एवढे आपल्या हाती आहे. दोनशे सत्तर वर्षांनी त्या गावातल्या माणसाने आपल्याला पाणी विचारले, हे घरी मुलानातवंडांना सांगावे.

नागोरच्या खेजडीची एक वाळलेली शेंग सौभाग्यवतीने रुमालात बांधून आणली होती. अंगणातल्या कुंडीत तिचे बी पेरले आहे. भोपाळच्या काळ्या मातीत आणि एवढ्या पावसात ते रुजेल का, कोण जाणे. रुजले तर पुढे कधीतरी दसऱ्याला टी. टी. नगरातल्या आपल्या मंडळींनी डहाळ्या न्यायला अवश्य यावे.